पातळी

तुर्भ्याच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं
मी बॉयलरसमोर बसलो.
काम एवढंच, काचेच्या नळीतलं पाणी बघायचं.
खाली गेलं तर पंप, वर गेलं तर झडप,
मधोमध असलं तर काही नाही.
दर अर्ध्या तासाला वहीत नोंद.
खरं तर पगार त्या 'काही नाही'चाच होता.

निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत
माझीच झडप कुरकुरली.
वरचं एकशे साठ, खालचं शंभर.
डॉक्टरीण म्हणाली, गोळी चुकवू नका,
आणि रोज वीस मिनिटं गप्प बसा.
बायको म्हणाली, गोळीचं मी बघते.

कोपरखैरणे, सोसायटीचा हॉल, पहाटे सहा.
कॅरमबोर्ड भिंतीला उभा करून
पिंपळखरे बाई सतरंजी अंथरतात.
शाळेच्या प्रयोगशाळेत होत्या, आवाज अजून तोच:
कुणी कशाला हात लावू नका.
श्वास येतो, येऊ द्या. जातो, जाऊ द्या.
तुम्ही फक्त बघा.
मला हसू फुटलं. बाई,
मी जन्मभर दुसरं केलंय काय?

पण काचेतल्या पाण्याला गुडघ्यापाशी खाज सुटत नाही.
ते मेंटेनन्सच्या बिलात चूक शोधत नाही,
बोनसवरून अठरा वर्षांपूर्वी बोललेल्या साहेबाला
आज सुचलेलं उत्तर देत नाही.
पहिला आठवडा नुसता मार खाल्ला.
दुसऱ्या आठवड्यात झोपलो, घोरलोसुद्धा.
बाई म्हणाल्या, शरीराची थकबाकी असेल,
पण उद्यापासून भिंत सोडून बसा.

मग कधीतरी
(तारीख लिहून ठेवली नाही, माझ्यासारख्यानं!)
नाकपुडीच्या कडेला श्वास गार लागला,
बाहेर पडताना कोमट.
बस, एवढंच.
साठ वर्षं हा प्लांट चालू होता
आणि शिफ्टवर कुणीच नव्हतं.

बॉयलरचा तळ रोज मोकळा करावा लागतो,
नाहीतर गाळ नळ्यांना धरतो.
हे मी कितीतरी पोरांना शिकवलं.
तेविसाव्या दिवशी माझा गाळ वर आला.
जानेवारीतली रात्रपाळी.
दोन वाजताच मी पाचपर्यंतच्या नोंदी भरल्या
आणि गोणपाटावर आडवा झालो.
चारला दशरथ मढवी नळीपाशी गेला. काच फुटली.
वाफ त्याच्या उजव्या मनगटावर.
वहीत चार वाजता, माझ्या अक्षरात:
पातळी सामान्य.
चौकशीत ती वही माझ्या बाजूनं बोलली.

डोळे उघडले. अकरा माणसं, एक पंखा,
खिडकीतून खाडीचा वास, मला घाम.
बाईंना विचारलं, याचं काय करायचं?
बघायचं.
आणि मग?
मुंग्या गेल्या की उठायचं.

घणसोली गावात दशरथ नातवाची सायकल उलटी करून
चेन चढवत होता.
सांगितलं सगळं, उभ्या उभ्याच.
तो मान वर न करता म्हणाला,
"मना ठाव होता. वही बघली व्हती मी.
सगले आकडे एकाच दमात लिवलेले."
चेन बसली. त्यानं पेडल एकदा गरगरवलं.
माफ केलं म्हणाला नाही. चहा दिला.
मनगटाचा डाग मी पहिल्यांदाच
पूर्ण बघितला, कडेपर्यंत.

आता वरचं एकशे चौतीस, खालचं शहाऐंशी.
गोळी चालूच आहे.
रात्री दात खायचो, ते थांबलं.
बायको म्हणते, जेवताना आता घास चावतोस,
आधी नुसता लोटायचास.
तुर्भ्याकडून वारा आला की अजून केमिकल दरवळतं,
मन अजून साहेबाशी भांडायला निघतं,
बसस्टॉपपर्यंत जातं, परत येतं.

एक वही घेतलीय, शंभर पानी.
बसून उठल्यावरच लिहितो, आधी नाही.
आज लिहिलं: सहा वीस. पातळी
आणि पेन थांबलं.
पुन्हा जाऊन बसलो, बघायला.