कारणाचा रकाना

ओमानच्या या वादीत, वरच्या अंगाला, डोंगराच्या खोबणीत
आमची टर्बाइन : दोन माणसांच्या कवेत मावेल एवढीच.
तीन गावांचे दिवे आणि खजुरांसाठी एक शीतगृह.
मी तिचा फिटर. पाण्याची पातळी, बेअरिंगचं तापमान,
दर तासाला वहीत.

खाली फलज वाहतो, हातभर रुंद.
आधी प्यायचं, मग वजू, मग बागा.
हा क्रम कुठल्या फळ्यावर लिहिलेला नाही.
मोकळ्या जागेत एक काठी रोवलीय, भोवती दगड;
सावली या दगडावरून त्या दगडावर गेली
की एक असर झाला, साधारण अर्धा तास.
मग झाहिर बिन हुमैद पायानंच चिंध्या-चिखलाचा बोळा सरकवतो
आणि पाणी दुसऱ्याचं होतं.

बैठकीच्या खोलीला इथे सबला म्हणतात.
शब्द ऐकून मी मनात हसलो होतो,
आत एकही बाई नव्हती.
कॉफी, खजूर, प्रोजेक्टर.
साहेबांनी आलेख दाखवला, त्याला एकच कुबड, सातच्या सुमाराला :
दिवसभर पाणी अडवायचं, संध्याकाळी एकदम सोडायचं.

झाहिरनं एवढंच विचारलं,
"शम्साचं पाणी दुपारचं. ती यात कुठे बसते?"
साहेबांनी माझ्याकडे बघितलं.
मोडक्या अरबीच्या जोरावर दुभाषा मीच.

"बघू" म्हणणं सोपं होतं.
हा शब्द आमच्या खोऱ्यात फार जुना आहे.
आंबेघोळ बुडालं तेव्हा आजोबांना तोच मिळाला,
आणि एक दाखला, ज्याला आम्ही नंतर प्लास्टिक चढवलं.
नव्या वसाहतीवरून तारा गेल्या, थेट शहराकडे.
त्यांच्याखाली बसून आई कंदिलाची काच पुसायची.
ढगाळ रात्री तारा गुणगुणत,
आम्हा पोरांना वाटे, वीज अशीच असते :
ऐकायची वस्तू.

मी म्हणालो, "ती यात नाही."
अरबीत. मग तेच साहेबांना, हिंदीत, हळू.

वाद चार महिने चालला.
एक तरणा बाप उठून म्हणाला, मला दिवा हवाच,
पोरगी नववीत आहे माझी.
झाहिर त्याच्यावर चिडला नाही. त्याला पाणी दिलं प्यायला.
शेवटी कागद झाला : झडपेला दोन कुलपं,
एक किल्ली आमची, एक गावाची;
विजेच्या पैशातून फलजच्या भुयाराचा गाळ काढायचा;
दुपारचे असर मोडायचे नाहीत.
वीज थोडी कमी निघते. साहेबांची बदली झाली,
याचमुळे की आणखी कशानं, मला माहीत नाही.

शम्साला मी अजून नीट पाहिलेलं नाही.
लांबून एक वाकलेली पाठ, चार लिंबं,
शेळ्यांपुरता लसूणघास.

आज दोन दहाला खालून झाहिरनं हात वर केला.
पाणी टर्बाइनला वळसा घालून गेलं,
एकही युनिट न देता.
वहीत वेळ लिहिली, प्रवाह लिहिला.
पुढे कारणाचा रकाना. छापील पर्याय तीन :
दुरुस्ती, बिघाड, इतर.

"इतर"वर खूण करता करता थांबलो.
समासात लिहिलं, मराठीत,
तपासनीसाला वाचता येणार नाही म्हणून,
किंवा तो विचारेल म्हणून :
शम्साचं पाणी.