अर्धी बरणी

कुताइसीच्या बाजारात, चीजवाल्यांच्या रांगेमागे
माझं शिवणयंत्र आहे, आणि मी, लामझिरा.
हातावर पोट आहे माझं
आणि हातांनाच आमवात.

सकाळी बोटं माझी नसतात.
साडेदहापर्यंत ती दुसऱ्या कुणाची तरी,
भिजलेल्या लाकडाची, रुसलेली.
कात्री धरताना ते दिसतं,
आणि दिसलं की लोकांना राहवत नाही.

त्सित्सिनो लोणचीवाली म्हणाली,
टोमॅटो सोड. वांगी सोड. बटाट्याकडे बघूसुद्धा नकोस.
(वांगी तीच विकते. मला तेव्हापासून देत नाही.)
मार्श्रुत्काचा ड्रायव्हर आरशातून म्हणाला,
मधमाश्या चावून घे, सात, प्रत्येक गुडघ्याला.
गुडघे चांगले आहेत माझे, मी म्हटलं.
मग आत्ताच चावून घे, म्हणाला.

अक्रोडाच्या आतला पापुद्रा
दारूत मुरवायचा चाळीस दिवस.
छे, एकवीस, दुसरी म्हणाली,
आणि त्यावरून जुंपली दोघींची
माझ्या टेबलाशी, अर्धा तास.
मी एका पँटची चेन बसवत राहिले,
अंगठ्यांनी, मग दातांनी.

त्स्खालतुबोच्या गरम पाण्यात बस. उपास कर.
राग गिळतेस ना, म्हणून सांधे धरतात,
असं एक बाई सांगून गेली.
तिचं नाव मला माहीत नाही,
फक्त कंबर माहीत आहे, सत्त्याऐंशी.
राग गिळला मी.
सांधे आधीच धरलेले होते.

दर बुधवारी रात्री सहा पिवळ्या गोळ्या.
गुरुवारी तोंडाला लोखंडाची चव,
गुरुवारी मी शिवते कमी, उसवते जास्त.
हे मी कुणाला सांगत नाही.
सांगितलं की तेवढंही काढून घेतात
आणि त्या जागी आल्याचा तुकडा ठेवतात.

मग एक दिवस समोरचा अनझोर आला,
किल्ल्या बनवणारा, कधी दोन शब्द न बोलणारा.
त्याने टेबलावर बरणी ठेवली. बिज्जूची चरबी.
अर्धी.
रात्री चोळायची, वर लोकर गुंडाळायची, म्हणाला,
आणि डॉक्टरला सांगायचं नाही.
नाझिब्रोलाला फार उतार पडला होता हिने.

झाकणावर तारीख, बायकी अक्षरात.
मी बरणीकडे बघत राहिले.
नाझिब्रोलाचा शेवटचा काळा झगा
मीच आत घेतला होता,
दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं,
आणि तरी तो तिच्या अंगावर
दुसऱ्याचा वाटत होता.
उतार म्हणे.
मापं मला ठाऊक होती.

बरी लागेल, मी म्हटलं. बरणी घेतली.

घरी झाकण उघडलं तर वास असा
की मांजरसुद्धा जिन्यावर जाऊन बसलं.
हातांना लावणं शक्यच नव्हतं.
सकाळी माझ्या गाळ्याच्या शटरला लावली,
जे तीन वर्षं कोंबडी कापल्यासारखं ओरडायचं.
बिजागऱ्यांना, खाचांना, कुलपाच्या तोंडाला.

दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं
आवाज न करता, एका हाताने.
समोर अनझोरने घासणी थांबवली.
बघ, तो ओरडला,
अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा,
बघ, एका हाताने उघडलंस!

काय सांगणार होते मी त्याला?
हो, म्हटलं. एका हाताने.

त्याने किल्ली पुन्हा पकडीत धरली
पण कितीतरी वेळ घासली नाही.

आता दर दोन-चार दिवसांनी तो डोकावतो,
बरणी कुठवर आली ते बघतो.
मी थोडी शटरला लावते, थोडी यंत्राच्या पायट्याला.
संपल्यावर तो काय करेल, ते मात्र
विचारायला माझी जीभ उचलत नाही.

रात्री लोकर गुंडाळतेस ना? तो विचारतो.
गुंडाळते, मी सांगते.
यंत्राला. थंडी फार आहे यंदा.