नदी उलटी छापली आहे

मिरजेला स्टेशनामागं, दस्तगीर मुजावरच्या भंगारात
तंबोऱ्याचे फुटके भोपळे, दोन दात पडलेली बाजाची पेटी,
आणि तळाशी सुतळीनं बांधलेला विलायती चित्रांचा गठ्ठा,
कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातला.
"तीस रुपये किलो," दस्तगीर म्हणाला,
"काचेचं वजन धरत नाही."

मी तोवर तीस वर्षं झिंकचे ब्लॉक केले होते सांगलीत.
लग्नपत्रिकेचा गणपती, हळदीच्या पोत्यावरचा मोर,
पडलेल्या उमेदवारांचे चेहरे. सगळं उलटं.
अजून दुकानाची पाटी वाचताना अडखळतो.
मग ऑफसेट आलं, आणि ॲसिडचे ट्रे
पद्मावतीनं कुंड्यांखाली सरकवले.

लोक विचारतात, "मगदूम, इंग्रजांचं कवतिक कशाला?"
कवतिक नाही हो. हे भिंग घ्या, आभाळ बघा.
आभाळ म्हणजे पोलादावर ओढलेल्या आडव्या रेघा,
केसाहून बारीक,
आणि इथं, ढगापाशी येऊन, हात हलका केलाय.
हात हलका करणं म्हणजे काय
ते साहेबाला नाही, मला विचारा.

गठ्ठ्यातलं सातवं: माहुलीचा संगम.
खाली डावीकडं काढणाऱ्याचं नाव,
उजवीकडं कोरणाऱ्याचं, मुंगीच्या अक्षरात.
काढणारा माहुलीला आला असेल, घोड्यावर,
जाताना हिवताप घेऊन गेला असेल.
कोरणारा लंडनबाहेर पडलेला नाही:
घाटावर त्यानं नारळ लावलेत, पायरीवर उंट बसवलाय,
धुणं धुणाऱ्या बाईचं नाक
बहुतेक त्याच्या मावशीचं.

ते चालायचं. पण दोन महिने काहीतरी खुपत होतं.
शेवटी एसटीनं साताऱ्याला गेलो, तिथून माहुली.
पाण्याबरोबर तोंड करून उभा राहिलो.
वेण्णा उजव्या हाताला मिळते.
चित्रात डाव्या.

हसलो तिथंच, पायरीवर, एकटा.
अरे बाबा, उलटवायचं विसरलास!
अक्षरं तेवढी सरळ, ती दुसऱ्यानं कोरली असणार.
ही चूक मी केलीय, पहिल्या वर्षी.
एक चि. सौ. कां. आरशात गेली होती,
मालकानं आठवड्याचा पगार कापला.
तुझा कापला का रे कुणी?

घरी येऊन समोरच्या भिंतीवर आरसा ठोकला.
आता पलंगावर पडलं की माहुली सरळ दिसते,
नावं मात्र उलटी वाचावी लागतात.
ते मला जमतं.

मग त्या श्रावणात पाणी चढलं.
आयर्विन पुलाचा आकडा टीव्हीवर सांगत होते,
गावभागात तो कुणी विचारत नव्हतं.
आठ दिवसांनी दार ढकललं
तर लग्नाच्या अल्बमची लादी झालेली,
कपाटाच्या फळ्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या.
आणि चित्रं?
चिंध्यांचा कागद तो, तिकडच्या जुन्या सदऱ्यांचा, चादरींचा.
धुतलं जायची त्याला सवय होती.
पद्मावतीनं चोळखणासारखी सावलीत पसरली,
वर वाटीभर शिव्या, नदीला आणि मला.
वाळली तेव्हा शंभर वर्षांचा पिवळेपणा उतरलेला.
माहुलीवर तेवढी एक रेघ राहिली, ढगांच्याही वर,
गाळाची, या काठापासून त्या काठापर्यंत.
तिथवर पाणी होतं.
माहुलीवरूनच आलेलं.

परवा पुण्याचा एक व्यापारी आला.
म्हणाला, डाग काढून देतो, रसायन आहे,
मग किंमत दुप्पट.
मी भिंग घेऊन त्या रेघेवरून सावकाश गेलो.
कुठं थांबलेली नाही. कुठं हात उचललेला नाही.
"राहू द्या," म्हटलं, "काम चांगलं आहे."
त्यानं चहा घेतला, आरशाकडं बघून केस नीट केले, गेला.

रेघ आरशातही जिथल्या तिथं.
तिला उलट सुलट नाही.