कोण दचकलं नाही

खुनी कोण, ते मला शुक्रवारी दुपारीच कळलं.
सांगणार नाही. उद्याही खेळ आहेत.
आज मंगळवार, रात्रीचा साडेनऊचा, पंधरावा.
पडद्याकडे आता मी बघतच नाही.
दाराशी टेकून, बॅटरी विझवून
माणसं बघतो.

दर्यादौलत चित्रमंदिर, देवगड.
खुर्च्या दोनशे चाळीस, त्यातल्या एकोणीस मोडक्या.
पौर्णिमा परवावर आली,
चांदण्यात मासळीला जाळं दिसतं,
म्हणून बोटी बंदरात
आणि पुढच्या सहा रांगा भरलेल्या.

बंगल्याच्या तळघरात इन्स्पेक्टर उतरतो.
बूट. पायरी. बूट.
वेफर्सच्या पाकिटांचा आवाज थांबतो.
सुलभा तांडेल,
जी पहाटे लिलावात बांगड्याच्या ढिगाशी उभी राहून
तीन दलालांना एकटी पुरून उरते,
तिने पदराचं टोक दातांत धरलंय.
इनास मेकॅनिकने क्रूस काढला,
मग शेजारी कोणी बघितलं की काय म्हणून
त्याच हाताने मान खाजवली.
"मागे बग रे मेल्या, मागे!"
इन्स्पेक्टर मागे बघत नाही.
चौदा खेळ झाले, एकदाही त्याने ऐकलेलं नाही.

मग प्रेत किनाऱ्याला लागतं,
आणि रोज इथेच सगळा ताण ढिला पडतो.
आज गंगाराम आजोबा उठूनच उभे राहिले:
"ह्या काय खरा नाय!
वारो भायर जाता, आणि मडा काठाक येता?
आणि बुडलेलो पालथो येता रे,
ह्यो आकाश बघता हा!"
हशा पिकला.
पिकला, आणि मधेच कुठेतरी
ओळीने बसलेल्या खलाशांपाशी येऊन थांबला.

तो पालथाच आला होता.
'सातेरीप्रसाद'वरचा नेपाळी पोऱ्या, धनबहादूर,
मिठमुंबरीच्या वाळूत, तिसऱ्या दिवशी.
पंचनाम्यात लिहिलं, पाय घसरून.
पगाराचं भांडण झालं होतं म्हणतात.
म्हणतात. कोण म्हणतं, विचारलं
की जो तो जाळं विणायला घेतो.

किंकाळीच्या आधी मी बाल्कनीत जातो,
खालची सगळी डोकी एकदम उडताना वरून बघायला.
तेवढीच माझी करमणूक.
दिवा जातो. दार करकरतं.
आणि ती किंकाळी.
दोनशे माणसं एका झटक्यात खुर्चीतून सुटली,
कुणाची चप्पल उडाली, कुणाचं पोर रडलं,
आमचा कॅन्टीनवाला, ज्याने दहा वेळा पाहिलाय,
त्याच्याही हातातला ट्रे वाजला.

बाल्कनीत मधुशेट जुवाटकर.
'सातेरीप्रसाद'चा मालक.
बशीत चहा ओतलेला.
बशीतला चहा हलला नाही.

आता मला नीट विचार करू दे.
मी दचकत नाही, कारण मला आधीच ठाऊक आहे.
मधुशेट आज पहिल्यांदाच आलाय.
डाव्या कानाला ऐकू येत नाही म्हणे त्याला,
वीस वर्षं इंजिनाशेजारी काढली.
पण उजवा?

खेळ सुटला.
"माका पयल्यापासून म्हायत होता,"
जो तो हेच सांगत बाहेर पडला,
अगदी ते दोघेसुद्धा, जे मध्यंतरानंतर झोपले होते.
सुलभा आज एकटी पुढे गेली नाही,
बायकांच्या घोळक्यात, मधोमध चालली.
स्कूटर सुरू करण्याआधी इनासने मागची सीट चाचपली.
घाटीवर चांदणं होतं, लख्ख,
माणसं तरी एकमेकांच्या सावलीपासून
अंतर ठेवून उतरत होती.

सगळ्यांच्या शेवटी मधुशेट.
जिन्यावर थांबला.
"बॅटरी मार रे. पायरी दिसणा नाय."

बटण माझ्या अंगठ्याखाली होतं.
चेहरा तिथून हातभर अंतरावर.

मी बॅटरी मारली.
पायरीवर.
एकेका पायरीवर, खालपर्यंत.