काट्यावर

लाकडाच्या गिरणीच्या फाटकाशी माझी खोली,
टास्मानियात, डरवेंटच्या काठी.
दिवसाला चाळीस ट्रक: भरलेला येतो, रिकामा जातो,
दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे माझी नोकरी.
अठरा वर्षं. एकदाही हातचा चुकलेला नाही.

तरी सत्तेचाळिसाव्या वर्षी मी मोटरसायकल घेतली.
अडीचशे सीसी, लाल, टाकीला अंगठ्याएवढा पोचा.
विकणारा म्हणाला, उभ्या-उभ्याच पडली होती, अंगणात.
मी पोच्यावरून बोट फिरवलं.
अंगण होतं की वळण, पत्रा सांगत नाही.

ट्रकवाल्यांना कळलं तेव्हापासून
जो तो पावती घेताना एक गोष्ट ठेवून जाऊ लागला.
लॅक्लनचा मेहुणा: ओली साल, डावा खांदा.
दुसऱ्या कुणाची शेजारीण: खडी. बस्स, एवढंच. खडी.
म्हाताऱ्या ऑर्विलने तोंड उघडलं नाही,
विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला, परत सोडला.
सगळं मी मनात भरलेल्या बाजूला लिहिलं.
रिकाम्या बाजूला काय लिहायचं ते सुचेना.

शिकवणारी ट्रूडी पटांगणात सहा शंकू मांडून म्हणते,
जिकडे बघशील तिकडे जाशील, मेरिडिथ.
खड्ड्याकडे बघितलंस की खड्ड्यात.
मला हसू आलं.
मग पहिल्याच वळणावर शंकूकडे बघितलं,
आणि शंकू गेला.

घरी नील भांडी पुसत होता.
म्हणाला, कशासाठी, एवढं सांग.
उत्तर द्यायला गेले तर तोंडातून हेल्मेटची किंमत आली,
कोपरातली पॅडं, ब्रेक कसा दोन बोटांनी, हळू.
तो म्हणाला, हे 'कसं' झालं.
आणि एकच बशी बराच वेळ पुसत राहिला.

भीती वाटते, नाही कशी.
तिन्हीसांजेला वॉलबी रस्त्यावर येतात,
अंगात आल्यासारखी एकदम उडी.
मे महिन्यात डोंगराच्या सावलीतलं डांबर
सकाळी दहापर्यंत बर्फाची काच पांघरून असतं.
हे सगळं मला पाठ आहे.
पाठ असणं म्हणजे कवच नव्हे, हेही.
पण दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना
पोटात काहीतरी उचललं जातं
ते कुठल्याच रकान्यात मावत नाही.

काल पाळी संपल्यावर
फाटक लावलं आणि गाडी काट्यावर चढवली.
साठ टनांसाठी बांधलेलं ते लोखंड
आमच्याखाली हललंसुद्धा नाही.
खिडकीवरचा लाल आकडा घुटमळला,
मग थांबला: दोनशे चाळीस.
हा काटा वीस-वीस किलोंच्या पायऱ्यांनी चढतो.
मधलं काही, हातमोजे, जेवणाचा डबा,
नीलचा प्रश्न, अंगावर आलेला काटा,
त्याला कळत नाही.
मी उतरून बाजूला झाले. एकशे साठ.
परत बसले. दोनशे चाळीस.
चारदा केलं. गंमत म्हणून नव्हे.
दर वेळी उरले ऐंशी:
मी, बूट, हेल्मेट.

आकडा विझवला. अंधाराला अर्धा तास होता,
घर एकोणीस किलोमीटर,
आणि वॉलबींची वेळ नेमकी तीच.
नीलला बोलवावं, पिकअप घेऊन ये म्हणावं:
हा विचार मी नीट, शेवटपर्यंत केला.
त्यात काही वाईट नव्हतं.
फोन लावला.
म्हटलं, निघतेय, चाळिसाच्या वर जाणार नाही.
तो म्हणाला, चाळीस?
म्हटलं, पन्नास.
पलीकडे बशी ठेवल्याचा आवाज.
मग म्हणाला, बाहेरचा दिवा लावून ठेवतो.

पुलाच्या अलीकडे कुंपणाशी एक उभी होती,
कान माझ्याकडे, पाय रस्त्याकडे.
मी तिच्याकडे बघितलं नाही.
जिथे जायचं होतं तिथे बघितलं,
आणि तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून
तिलाच तोलत होते.