एकशे बारा की तेरा

दर दुसऱ्या रविवारी, पावणेअकराच्या बसने
व्हेंदेलीन आणि ओटीलिया येतात.
मी काच सरकवते, दोन तिकिटं फाडते,
ज्येष्ठांची, निम्म्या दरातली.
तरी तो ओळखपत्र पुढे करतोच.
एखाद्या रविवारी मी त्याला चाळिशीचा समजून
पूर्ण पैसे मागेन, अशी आशा त्याने सोडलेली नाही.

किल्ला तसा फार उरलेला नाही.
एक बुरूज, दीड भिंत,
एक विहीर, तिच्यावर नगरपालिकेची जाळी,
जाळीखाली इच्छा म्हणून टाकलेली नाणी
(त्यांतली दोन माझी).
कोणी बांधला, कोणी जाळला, सगळं फलकावर आहे.
फलक कोणी वाचत नाही.
लोक इथे पिशवी घेऊन येतात.

ओटीलियाच्या पिशवीत पाव, चरबीचा डबा,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला कांदा,
मेंढीच्या दुधाचं चीज, वेणी घातलेलं, खारट,
आणि काळ्या खसखशीची गुंडाळी,
जिला खाली उतरेपर्यंत हात लावायचा नाही.
हा कायदा. तिने केलेला.

बुरुजाला पायऱ्या एकशे बारा, असं व्हेंदेलीन म्हणतो.
ओटीलिया म्हणते तेरा.
सदतीस वर्षं झाली या भांडणाला.
दोघं मोठ्याने मोजत चढतात, तो पुढे, ती मागे,
आणि साठाच्या आसपास त्याला ठसका लागतो.
ठसक्याबरोबर तो एक आकडा गिळतो,
आणि मुद्दाम गिळतो, असं तिचं ठाम मत आहे.
"उंबरा म्हणजे पायरी नव्हे."
"पाय ठेवलास ना? मग पायरी."
मला एकदा पंच नेमलं होतं.
मी कार्यालयातली जुनी वही काढली.
वहीत लिहिलं होतं: शंभराच्या वर.

वरून टोरिसा नदीचं वळण दिसतं,
बंद साखर कारखान्याचं धुराडं, त्यावर करकोच्यांचं घरटं,
आणि त्यांचं स्वतःचं छप्पर,
जे तिला लगेच सापडतं
आणि त्याला दर वेळी शेजाऱ्याचं.

मे महिन्यात त्याचा गुडघा बदलला.
जूनच्या पहिल्या फेरीत त्याने विचारलं,
न चढणाऱ्याला काही सवलत आहे का?
नाही म्हटलं. मग दोन्ही घेतली,
आणि माझ्या खिडकीबाहेर लिंडनच्या झाडाखाली
काठी आडवी टाकून बसला.
अंगणात अग्निशमन दलाचा बँड सूर लावत होता,
म्हणजे शोधत होता.

ती एकटीच चढली.
बुरुजाच्या प्रत्येक झरोक्यातून तिचा आकडा बाहेर पडायचा,
एकवीस... अडतीस...
त्याचे ओठ खाली तिच्याबरोबर हलत होते.
तिसऱ्या झरोक्यानंतर ट्रम्पेट सुरू झालं, काही ऐकू येईना.
तेव्हा त्याने पिशवी उघडली.

पहिला तुकडा त्याने मला दिला, काचेखालून,
तिकिटाचे पैसे सरकवतात तसा.
लाच आहे हे दोघांनाही कळलं.
लोणी होतं, लिंबाची साल होती,
आणि खसखस इतकी, की दातांखाली वाळूसारखी कुरकुरली.

वर पिवळा रुमाल हलला.
तोंड भरलेलं असताना त्यानेही काठी हलवली.
ती ओरडून काहीतरी म्हणाली, वाऱ्याने नेलं.
"तेरा म्हणतेय," मी म्हटलं.
"बारा," तो म्हणाला. दात काळेकुट्ट.

ती उतरली. पिशवीकडे पाहिलं.
त्याच्या दातांकडे पाहिलं. मग माझ्या.
काही न बोलता सुरी काढून
उरलेल्याचे तीन भाग केले,
त्याचा सगळ्यांत लहान.

संध्याकाळी फाटक लावण्याआधी
अकरा वर्षांत पहिल्यांदा मी मोजत चढले.
सत्तरीच्या पुढे एक वटवाघूळ कानाशी फडफडलं
आणि आकडा सुटला.
खाली जाऊन पुन्हा सुरुवात करावी, असं वाटलं नाही.
वर गेले. बँडवाल्यांची गाडी वळणावर होती,
ट्रम्पेटवाला अजून वाजवत होता, आता बरंच सुरात.
दाढेत अडकलेला खसखशीचा एक दाणा
जिभेने काढत उभी राहिले.