शेरा

दिवागावच्या विहिरीत पट्टी सोडण्याआधी
मी तिला खडू फासतो, टोकाकडच्या दोन मीटरना.
जिथवर खडू भिजतो तिथवर पाणी.
एवढीच माझी विद्या. एकतीस वर्षं हीच.

त्यातली चार लूणीच्या खोऱ्यात गेली, डेप्युटेशनवर.
नदी म्हणायचं आणि जीपने ओलांडायची.
वाळूत पाच पुरुष उतरलं की गोडं,
आणखी दोन पुरुष गेलं की खारं;
खाऱ्यावर गोड्याची साय धरलेली.
उपसताना हावरटपणा नको, पुरखाराम सांगायचा,
साय फाटते.
माझं मीटर डब्यातून बाहेर येईपर्यंत
तो ओंजळ तोंडात घोळवून थुंकायचा, आकडा सांगायचा.
चूक शंभराच्या आत.
विहिरीला झाकण, झाकणाला कुलूप,
किल्ली सुनेच्या कमरेला.

इथे कुलूप नाही.
कठड्यावर दहा वाजताच टॉवरची सावली येते
आणि पाणी वाकलं की दिसतंच. दीड मीटर.
अकराला दीड. चारला एक पूर्णांक नऊ.
मी पट्टी पुसली, पुन्हा खडू लावला, पुन्हा सोडली.
चांगुणा मढवी ओट्यावर सुकट निवडत होती,
मान वर न करता म्हणाली,
"अष्टमी हाय आज. भांगाचा पानी.
पुनवेला ये, उधानाला. मंग बग कशी चढते ती."

तिच्या सासऱ्याने खणलेली, मिठागर बंद असायचं त्या महिन्यांत,
काळ्या कातळात फट लागेस्तोवर सुरुंग लावत.
तेव्हा खाडी बांधापलीकडे होती.
मग बांध गेला. मग चार इमारती, चार बोअर,
आणि रात्री साडेअकराची मोटार,
जी तिला कानांनी नाही, जमिनीवरच्या पाठीने ऐकू येते.

साय कधी फाटली, मी विचारलं. तिला सन आठवेना.
"डाल शिजायची बंद जाली तवा."

रजिस्टरमध्ये पातळीचा रकाना आहे.
या विहिरीची पातळी कधी घसरलेली नाही,
मागच्या अहवालाच्या नकाशात ती हिरवा ठिपका आहे.
त्या हिरव्या ठिपक्याला पाठ करून
चांगुणा दोन कळश्या घेऊन टँकरच्या भोंग्याकडे धावते.

ती गेल्यावर मी बादली ओढली.
ओंजळ घेतली, घोळवली.
लूणी. नावासकट.

शेरा या रकान्यात लिहिलं : डाळ शिजत नाही.

महिन्याने कागद परत आला, लाल शाईत :
एकक नमूद करावे.

आज पुनव. निघालोय.
पिशवीत पट्टी, खडू,
आणि पावशेर तूरडाळ.